मुहूर्ताच्या प्लेट्स

संपादकबाईंनी लेख मागितला तेव्हा एक अट घातली. म्हणाल्या, "कामाबद्दल अगदी मोकळेपणाने लिहा, फक्त जरा सांभाळून. लोक फराळ करता करता अंक वाचतात हो." मी हो म्हटलं आणि पंचाईत झाली. माझी सगळी नोकरी डुकरांच्या जुलाबात गेली. त्यातून जुलाब वगळले तर मागे फक्त हजेरीपट उरतो. तेव्हा हातात चिवडा असेल तर आधी तो संपवा, आपण नंतर भेटू.

आमची प्रयोगशाळा मुलुंडच्या एका औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात. खाली स्टिकर छापायचा कारखाना, शेजारी खाकऱ्याचं पॅकिंग. जिन्यात भाजलेल्या खाकऱ्याचा वास यायचा आणि आमचं दार उघडलं की त्याला आमचा वास येऊन मिळायचा. मालक प्रभूसर, जनावरांचे डॉक्टर. मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन तिथे चिकटले आणि गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. कोंबड्या, गाई, कुत्री सगळ्यांचे नमुने यायचे, पण डुकरांचं काम आमच्यासारखं मनापासून कुणी करत नसे. बाकीच्यांना त्याची किळस होती. त्यामुळे वसई-कल्याणपर्यंतची डुक्करपालक मंडळी आमच्याकडे जिना चढून यायची.

काम काय, ते सांगते. डुकराच्या पिल्लांचं दूध तोडलं की त्यांना हगवण लागते आणि ती पटापट मरतात. हगवण करणारा जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध मारतं, हे शोधायचं. त्यासाठी खरवसासारखी थरथरणारी जेली लागते. चायना ग्रास सगळ्यांनी पाहिलेलं असतं, जवळपास तेच, त्यात मांसाचं सत्त्व. ही जेली गरम असताना काचेच्या बशीत ओतायची, ती थिजली की वर जंतू सारवायचे, आणि त्यावर कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या, कपाळावरच्या टिकलीएवढ्या. प्रत्येक चकतीत वेगळं प्रतिजैविक मुरवलेलं. मग बशी रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी जंतू सगळीकडे सायीसारखे वाढलेले असतात, पण ज्या चकतीचं औषध चालतं तिच्याभोवती गोल रिकामी जागा दिसते. ते गोल मोजायचं. मोठं असलं तर औषध चालेल, लहान असलं तर चालणार नाही. जंतू थेट चकतीला जाऊन भिडले असतील तर ते औषध आणि पाणी सारखंच.

ऐकायला सोपं वाटतं. पण त्या गोलावर किती गोष्टी अवलंबून असतात हे सांगितलं तर हसाल. जेली पातळ ओतली गेली तर औषध लांबवर पसरतं, गोल उगाच मोठं दिसतं आणि निकम्मं औषध गुणी ठरतं. म्हणून आम्ही प्रत्येक वेळी सोबत एक साक्षीदार ठेवायचो. साक्षीदार, आमच्या भाषेत कंट्रोल, म्हणजे एक सरळमार्गी जंतू, कोणत्या औषधाला त्याचं गोल केवढं यायला हवं हे जगभर ठरलेलं. त्याचं गोल बरोबर आलं तर बाकीच्या बश्या खऱ्या. त्याचं चुकलं तर त्या दिवसाचं सगळं काम कचऱ्यात.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असायची. एकाने शिऱ्याच्या डब्यातून माल आणला होता आणि डबा परत मागितला. एक जण दर वेळी विचारायचा, "मॅडम, रिपोर्ट जरा बरा द्या ना." जसं काही मी परीक्षेचे मार्क देत होते. दुसरा एक दुकानातली झाडून सगळी औषधं आधी पाजायचा आणि कशानेच गुण येत नाही म्हटल्यावर मग आमच्याकडे यायचा. तसे तर बहुतेक सगळेच यायचे. मी चिडायचे, बोलायचे, त्यांच्यावर काही परिणाम व्हायचा नाही.

घरी माझ्या कामाचं कौतुक नव्हतं. आम्ही घाटकोपरला राहायचो. आई मराठवाड्यातून वडिलांच्या मागे आलेली, तिची बोली शेवटपर्यंत सुटली नाही. मी पहिल्यांदा कामाचं स्वरूप सांगितलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली. "तुझ्या बापानं मेलेली ढोरं वडायचं सोडलं म्हणून आपण हितं आलाव," ती म्हणाली. "आन् तू येवढं शिकून डुकराचा गू बघती?" मला राग आला होता. वडिलांवर ते काम गावाने लादलं होतं आणि माझं मी निवडलं होतं, एवढाच फरक होता. तो फरक मला फार मोठा वाटायचा. आईला तो पटायला वेळ लागला. ती माझा डबा कायम वेगळ्या पिशवीत द्यायची आणि मी घरी आले की आधी मोरीकडे बोट दाखवायची.

आता इनासकाकांकडे येते. खरं म्हणजे हा सगळा लेख त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

इनासकाका मूळचे वेंगुर्ल्याकडचे ख्रिश्चन. गिरण्या बंद पडल्यावर त्यांनी मुलुंड पूर्वेला, हायवेच्या पलीकडे खाडीच्या कडेला डुकरं पाळायला घेतली. निळ्या ताडपत्रीखाली चार-सहा कप्पे, हॉटेलांतलं उरलंसुरलं आणून घालायचं, नाताळच्या आधी विकायचं. मुलगा जहाजावर, सून नर्सिंग होममध्ये आया. घरात नात रोझी, दुसरीत शिकणारी. दसऱ्याच्या आधी काका पहिल्यांदा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. हातात काचेची बाटली, तिला पांढराशुभ्र रुमाल गुंडाळलेला.

"बाय, बघ," ते म्हणाले. "डेटॉलान धुवन हाडलंय. तुमच्या हंय घाण नको."

मी बाटली उघडली. आत डुकराची हगवण होती आणि तिला दवाखान्याचा वास येत होता. म्हाताऱ्याने आमचा मान राखायला बाटली डेटॉलने खळखळून धुतली होती आणि थोडंसं तळाशी ठेवूनही दिलं होतं, चांगलं म्हणून. त्यात एक जंतू जिवंत राहता तर मला नवल वाटलं असतं. मी नमुना लावला तरी. सकाळी बशी आरशासारखी स्वच्छ. काकांना फोनवर सांगितलं की काही वाढलं नाही, तर ते खूश झाले. "म्हणजे रोग नाय?" त्यांनी विचारलं. आणि पुढच्या वाक्यात सांगितलं की पहाटे आणखी तीन पिल्लं गेली.

मी संध्याकाळी स्वतःच गेले. हायवे ओलांडून, कांदळवनाच्या बाजूने. पिल्लं एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडली होती, पाठी वर आलेल्या, शेपट्या ओल्या. एका कप्प्याच्या कडेला रोझी फ्रॉक सावरून बसली होती आणि तिच्या मांडीवर एक पिल्लू होतं, एक कान काळा. ती त्याला दुधाच्या बाटलीने ग्लुकोजचं पाणी पाजत होती.

"ह्याचं नाव बिस्कीट," ती म्हणाली. "हा नाही मरणार. मी सांगितलंय त्याला."

मी तिला साबणाने हात धुवायला लावले, कोपरापर्यंत. ती हात धुऊन आली आणि पुन्हा त्याला मांडीवर घेऊन बसली. काकांना मी बजावलं की पोरीला इथून लांब ठेवा. त्यांनी मान हलवली. मग मी आमचा नेहमीचा प्रश्न विचारला: पिल्लांना आजवर कोणकोणतं औषध दिलं? काका दुखावल्यासारखे झाले.

"वायट औषध मी डुकरांक कधी देऊक नाय," ते म्हणाले.

मी ते मान्य केलं. आजारी पिल्लांच्या गुदद्वारातून बोळे फिरवून नमुने घेतले आणि निघाले.

या वेळी मात्र वाढलं. काळा ठिपका असलेले जंतूंचे पुंजके, म्हणजे साल्मोनेला. हा जंतू डुकरात राहून थांबत नाही, माणसालाही धरतो, लहान मुलांना आधी. औषधांची चाचणी लगेच लावायची होती, पण मध्ये दसरा आला. दसऱ्याला मी सुटीवर असायचे. आमच्या घरी तो दीक्षेचा दिवस, आईला घेऊन विहारात जायचं असतं. गाळ्यात मात्र प्रभूसर खंडेनवमी-दसरा अगदी साग्रसंगीत करायचे. आख्खी प्रयोगशाळा धुऊन काढायची, टेबलं हलवायची, उबेच्या कपाटाला झेंडूची माळ, सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू. आणि दसऱ्याच्या दिवशी काहीतरी काम करायलाच हवं म्हणून सर स्वतःच्या हाताने जेलीच्या बश्या ओतायचे. आम्ही त्यांना मुहूर्ताच्या प्लेट्स म्हणायचो. सरांचा हात चांगला होता, कधी तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच बश्यांवर काकांच्या डुकरांचा जंतू सारवला, चकत्या ठेवल्या, साक्षीदार लावला. त्यानंतरच्या सकाळी कपाट उघडलं. बहुतेक चकत्यांना जंतू चिकटून बसले होते. एक-दोन औषधांची गोलं मात्र अर्ध्या हाताने दिल्यासारखी, चालेल-न चालेलच्या सीमेवर, चालेलच्या बाजूला. त्यांत एक होतं सेफ्ट्रियाक्झोन. हे इंजेक्शन माणसांच्या इस्पितळात रोज चालतं. मी बशी उजेडासमोर धरली. गोल गोल नव्हतं. अंड्यासारखं एका बाजूला लांबलं होतं.

साक्षीदाराची बशी काढली. त्याचंही गोल अंड्यासारखं, आणि हवं त्याहून मोठं.

"सर," मी म्हटलं, "ह्या प्लेट्स खोटं बोलतायत."

सर चष्मा कपाळावर चढवून आले. त्यांनी बघितलं आणि ओठ चावला. "निर्मला, थोडाच फरक आहे. त्या माणसाची पिल्लं रोज मरतायत गं. सकाळपासून दोनदा फोन आला त्याचा. निदान एक औषध तरी सांगूया त्याला."

सरांच्या बोलण्यात कसलाही आळस नव्हता, त्यांना खरंच काकांची काळजी होती. पण मी नाही म्हटलं. साक्षीदाराचं गोल चुकलं की बाकीच्यांवर बोलायचं नाही, हा नियम मला शिकवला होता तो सरांनीच. तेवढ्यात परत फोन वाजला. इनासकाका होते. मी म्हटलं, काका, रिपोर्टला अजून एक दिवस लागेल.

"डुकरां र्‍हवांदेत बाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "रोझीक हास्पिटलात घातलंव. दसऱ्यापासना ताप आसा, रगात जाता. उतरणा नाय."

मी विचारलं, कोणतं औषध चालू आहे? त्यांना नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी फोन वॉर्डातल्या डॉक्टरला दिला. पोरगी घाटकोपरच्या एका सरकारी इस्पितळात मुलांच्या वॉर्डात होती. डॉक्टर तरुण होती, मेघा नावाची, आवाजावरून तिची झोप झालेली नसावी. मी कोण, कुठून बोलते ते सांगितलं. सर समोरून हाताने खूण करत होते, थांब, माणसांच्या भानगडीत आपण पडायचं नाही. त्यांचं चुकत नव्हतं. आमचा परवाना जनावरांचा. उद्या काही झालं तर बोट आमच्याकडे दाखवतील.

मला वाटलं होतं, डॉक्टर फोन ठेवून देईल. तिने ठेवला नाही. ती म्हणाली, "डुकरांत साल्मोनेला? आणि ही मुलगी त्यांना हाताळायची?"

"मांडीवर घेऊन पाजायची," मी म्हटलं.

"आमच्या ब्लड कल्चरमध्ये काहीतरी वाढतंय. नाव उद्या कळेल, कोणतं औषध चालतं ते परवा. मी तिला सेफ्ट्रियाक्झोनवर ठेवलंय. मॅडम, तुमच्या प्लेटवर ते चालतंय का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. टेबलावर ती बशी पडली होती आणि ती हो म्हणत होती. हो म्हणणं किती सोपं होतं. तिचं मन निश्चिंत झालं असतं, काकांचंही, सर सुटले असते. आणि पोरीला तेच औषध चालू राहिलं असतं.

"प्लेट हो म्हणतेय," मी म्हटलं. "पण माझा कंट्रोल चुकलाय. त्या प्लेटवर माझा विश्वास नाही. तुम्हीही विश्वास ठेवू नका. मी आता नव्याने लावते, उद्या सकाळी सांगते. आणि तिला तोच जंतू असेल असं मी सांगू शकत नाही, हेही लक्षात घ्या."

ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मी सीनियरशी बोलते. उद्या उठल्या उठल्या फोन करा मला. आजोबांच्या फोनवर नको, माझा नंबर घ्या."

मी फोन ठेवला. सर टेबलाकडे बघत होते. मीही बघितलं, आणि दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

आमच्या गाळ्याची फरशी एका कोपऱ्यात खचलेली. जेली ओतायच्या टेबलाच्या एका पायाखाली सागवानाची एक पाचर असायची, वर्षानुवर्षं तिथेच, म्हणून टेबल सपाट राहायचं. पाचर तिथे नव्हती. टेबल कलतं होतं, डोळ्याला न दिसण्याइतकं. पण गरम जेलीला डोळे लागत नाहीत, ती उताराकडे जाते. सरांच्या मुहूर्ताच्या बश्या एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ थिजल्या होत्या.

"पाचर कुठाय सर?"

सरांनी देव्हाऱ्याकडे बोट केलं. पूजेच्या फळीवर तराजू, चिमटे, मोजपट्टी मांडलेली होती, आणि त्यांच्या मधोमध आमची पाचर. धुतलेली, हळदकुंकू लावलेली, वर झेंडूचं फूल.

"म्हटलं, इतकी वर्षं बिचारी टेबल धरून आहे," सर म्हणाले. "तिचीही पूजा व्हायला नको का." त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

दुसरा कुठला दिवस असता तर मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मी फूल काढलं, पाचर उचलली आणि खाली गुडघे टेकून पायाखाली सारली. सरांनी खालच्या कारखान्यातून सुताराची पाणसळ आणली. तिचा बुडबुडा मध्ये येईपर्यंत आम्ही पाचर मागेपुढे केली. नवी जेली शिजवली. ती निवेपर्यंत काही करता येत नाही, वारा घालून चालत नाही. मी तिच्याकडे बघत बसले आणि मनातल्या मनात रोझीच्या वॉर्डात जाऊन आले. मग बश्या ओतल्या, जंतू सारवले, चकत्या ठेवल्या. आमच्या वसाहतीतली वीज कधीही दगा द्यायची, म्हणून सर म्हणाले, तू घरी जा, मी इथेच थांबतो कपाटापाशी. त्यांनी घरी फोन करून डबा मागवला.

घरी मी मोरीकडे गेले, हात धुतले आणि जेवायला बसले, पण भाकरी ताटात तशीच राहिली. आईने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी केवढी हाय?" मी म्हटलं, दुसरीत. "मग सकाळी लवकर जा," आई म्हणाली. "डबा मी आधी करते." त्या सकाळी डबा वेगळ्या पिशवीत नव्हता. माझ्या पर्समध्येच ठेवलेला होता.

मी गेले तेव्हा सर खुर्चीतच होते, अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट पांघरून. त्यांनी कपाट उघडलं नव्हतं. म्हणाले, "तू बघ."

आधी साक्षीदार. गोल स्वच्छ, वाटोळं, मोजलं तर बरोबर हवं तेवढं. मग काकांच्या डुकरांची बशी. सेफ्ट्रियाक्झोनच्या चकतीभोवती गोल जेमतेम रेघेएवढं होतं. जंतू तिला चारी बाजूंनी भिडायला आले होते. या वेळी मी जादा ठेवलेल्या दोन औषधांची गोलं मात्र चांगली मोठी होती, त्यांतलं एक माणसांत वापरायचं.

मी डॉक्टर मेघाला फोन लावला. "चालत नाहीये," मी म्हटलं. "आता मी प्लेटची खात्री देते." आणि जे चालत होतं त्याचं नाव सांगितलं.

"आमच्या रक्ताच्या बाटलीतही साल्मोनेलाच आलाय, आत्ता कळलं," ती म्हणाली. "सीनियर इथेच आहेत. आम्ही औषध बदलतोय, थांबत नाही रिपोर्टसाठी." आणि मग, "थँक्यू मॅडम. कालच्यासाठी पण."

इस्पितळाचा स्वतःचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. अगदी तोच निकाल. पोरीचा ताप लगेच उतरला नाही. तो एक दिवस मला माझ्या सगळ्या नोकरीपेक्षा लांब वाटला. त्यानंतर हळूहळू उतरला.

काकांच्या डुकरांनाही सरांनी दुसरं चालणारं औषध लिहून दिलं. निम्मी वाचली. बिस्कीट वाचलं.

रविवारी मी रोझीला बघायला गेले. ती बसून केळं खात होती आणि तिने मला पहिला प्रश्न बिस्किटाचाच विचारला. काका बाहेर बाकावर होते. इस्त्रीचा तोच शर्ट, आता चुरगळलेला. मी शेजारी बसले तेव्हा त्यांनी खिशातून औषधाची एक रिकामी छोटी बाटली काढली आणि माझ्या हातात ठेवली. लेबल वाचून मला कळेना, हे काय. ते सेफ्ट्रियाक्झोन होतं.

"मागे पावसात रोझीक टायफड झालेलो," ते म्हणाले. "ह्या औषधान चेडू उठान बसलां. उरलेल्यो बाटल्यो घरात होत्यो. डुकरां आजारी पडली तेव्हा म्हटलां, आपल्या चेडवाक जां बरां, तां त्यांका कित्याक नको? मगे मेडिकलातसून आणखी हाडलंय. रोज टोचलंय."

म्हणजे वाईट औषध त्यांनी कधीच दिलं नव्हतं. घरात होतं त्यातलं सर्वांत चांगलं दिलं होतं. मला एकदम राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. मेडिकलवाल्यावर, ज्याने चिठ्ठी न बघता बाटल्या दिल्या? स्वतःवर तर नाहीच, मी विचारलं होतं. आणि ह्या माणसावर काय रागवायचं? मी नुसती बाटली फिरवत बसले.

"बाय," काका म्हणाले, "माजो हात आसा काय ह्याच्यात? खरां सांग."

खोटं सांगणं मला सोपं होतं. पण काही दिवसांपूर्वी मी त्याच कारणासाठी एक बशी फेकली होती. मी त्यांना सांगितलं. शंभर टक्के कुणालाच सांगता येणार नाही, पण बहुतेक असंच झालं असणार. तुम्ही टोचत गेलात, कमजोर जंतू मेले, औषधाला न जुमानणारे तेवढे मागे राहिले. ते वाढले आणि बिस्किटाबरोबर रोझीच्या मांडीवर येऊन बसले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग रुमाल काढून डोळे नाही पुसले, आधी ती बाटली पुसली, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकायला उठले.

मी त्यांना आमच्याकडच्या निर्जंतुक बाटल्यांचं एक पाकीट नेऊन दिलं. दोन गोष्टी सांगितल्या. पुन्हा असं झालं तर बाटलीला काही लावू नका आणि नमुना देण्याआधी डुकरांना काही टोचू नका. हे मी नोकरीभर प्रत्येकाला सांगत आले होते. ऐकलं कुणीच नव्हतं. आणि मी त्यांना दोष तरी कसा द्यावा? डोळ्यांसमोर जनावर मरतंय आणि घरात औषध आहे, तर हात थांबत नाही माणसाचा.

नाताळच्या थोडं आधी दुपारी दार वाजलं. काका होते. शर्ट मळका, चपला चिखलाने भरलेल्या. हातात माझी बाटली, वर्तमानपत्रात धरलेली, आणि तिला बाहेरूनही सगळं लागलं होतं. सर नाकाला हात लावून पुढे आले.

"परत लागली हगवण," काका म्हणाले. "ह्या खेपेक बाटली धुवक नाय."

"औषध?" मी विचारलं.

"काय एक नाय. तुज्यासाठी थांबलंय." त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. "दोन गेली काल. रोझीचां बिस्कीट पण गेलां. तिका अजून सांगूक नाय."

फोन करायचा होतात, सर येऊन काहीतरी करून गेले असते, हे सगळं तोंडात आलं आणि तिथेच राहिलं. इतकी वर्षं मी लोकांवर ओरडत होते की थांबा, थांबा. आज एक माणूस थांबला होता, आणि त्याचं थांबणं माझ्या हातात होतं, ऊन ऊन.

मागे सर खाली वाकले होते. पाचर तपासत होते. मग उठून त्यांनी टेबलावर पाणसळ ठेवली.

"मध्ये आलाय का बघ गं," ते म्हणाले.

मी बुडबुडा बघितला. मध्ये होता. मग हातमोजे चढवले आणि बाटलीचं झाकण उघडलं.